पेटींतलें झिजलेलें परदेशी नाणें



घरोघरच्या जुन्या पेट्यांच्या तळाशीं, कुंकवाचे करंडे, तुटक्या बुगड्या आणि पिवळे पडलेले कागद यांच्या सोबतीला पुष्कळ वेळां एखादें जाडजूड, काळवंडलेलें नाणें निघतें. त्यावर आपल्या ओळखीचा राजा नसतो, आपल्या ओळखीचें अक्षरही नसतें. घरांतील थोरांना विचारावें, तर "आजोबांच्या वेळचें आहे" एवढेंच उत्तर मिळतें. असें नाणें कोणत्या देशाचें, कोणत्या काळचें आणि आज त्याचें मोल काय, हें सामान्य गृहस्थाला घरबसल्या किती कळूं शकतें, याविषयीं मी आज बोलणार आहें. पुस्तकी विवेचन करण्यापेक्षां नुकतेंच माझ्या हातीं आलेलें एक नाणें डोळ्यांपुढें ठेवूनच बोलावें, हें बरें.

आमच्या शेजारीं एक विधवा बाई राहतात. मी त्यांना वहिनी म्हणतों. एके सायंकाळीं त्या पदराच्या गांठींतून एक नाणें घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांचे वडील फार पूर्वीं एडनला कारकून होते. १८३९ सालीं इंग्रजांनीं घेतलेलें एडन हें बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभाराखालीं होतें, त्यामुळें इकडचीं कांहीं माणसें तिकडे नोकरीला जात, हें पुष्कळांना आज ठाऊक नसेल. तेथून येतांना त्या गृहस्थांनीं हें नाणें आणलें, एवढी हकीकत घरांत टिकून राहिली होती. वहिनींची अडचण निराळीच होती. नातवाची कॉलेजची फी भरावयाची होती. जुनें सामान विकत घेणाऱ्या एका फेरीवाल्यानें नाणें पाहून "हें जर्मन सिल्व्हर, दोनशें रुपये देतों" असें सांगितलें होतें. उलट त्यांच्या भाच्यानें नाण्यावरील १७८० हा आंकडा वाचून "मामी, हें लाखांत जाईल" असें छातीठोकपणें सांगितलें होतें. "मास्तर, दोनशें कीं लाख? खरें काय तें तुम्हीं सांगा," असें म्हणून त्यांनीं नाणें माझ्यापुढें ठेवलें.

मीं प्रथम काय केलें, हें सांगण्यापूर्वीं काय केलें नाहीं, हें सांगतों. मीं तें घांसलें नाहीं. ही अक्कल मला फुकट मिळालेली नाहीं. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें घरचें एक जुनें रुप्याचें नाणें वर्गांत दाखविण्यास आणलें होतें. अक्षरें मुलांना स्पष्ट दिसावींत म्हणून मीं तें चिंच आणि रांगोळी लावून लखलखीत केलें. मुलें खूष झालीं, मीही खूष झालों. पुढें एका जाणत्या संग्राहकानें तें पाहिलें आणि हळहळून सांगितलें कीं, नाणें चांगलें होतें, पण आतां संग्रहाच्या दृष्टीनें त्याचें मोल निम्म्यावर आलें. वर्षानुवर्षांच्या हवेनें चांदीवर जो सांवळा थर चढतो, तो नाण्याच्या खरेपणाची खूण असतो. तो घालविला कीं नाण्याच्या अंगावर बारीक ओरखडे उमटतात आणि ते कधींही भरून येत नाहींत. त्या मुलाची मीं क्षमा मागितली, परंतु त्याचें नुकसान कांहीं भरून निघालें नाहीं. म्हणून पहिला नियम असा कीं, जुनें नाणें चिंच, लिंबू, राख, दंतमंजन यांपैकीं कशानेंही घांसूं नये. फारच माती असेल, तर स्वच्छ पाण्यांतून काढून मऊ फडक्यावर निथळूं द्यावें. हातांत धरावयाचें तें कांठांवर धरावें, खालीं जाड कापड असूं द्यावें.

आतां ओळखीकडे वळूं. झिजलेलें नाणें वाचण्याची एक युक्ति आहे. दिवा समोर न धरतां बाजूनें, अगदीं सपाटीला टेकेल असा धरावा आणि नाणें हळूहळू फिरवावें. उंचवट्याची सांवली पडते आणि नुसत्या नजरेला न दिसणारें अक्षर उठून दिसतें. भिंग असल्यास उत्तमच. नाण्याची झीज सगळीकडे सारखी होत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. चित्राचा जो भाग सर्वांत उंच, म्हणजे मुखवट्याचे केस, गाल, खांदा किंवा पक्ष्याची छाती, तो आधीं गुळगुळीत होतो. कांठाजवळचीं अक्षरें उभ्या कडेच्या आडोशानें पुष्कळ दिवस टिकतात. म्हणून चेहरा ओळखूं आला नाहीं म्हणून निराश होऊं नये. कडेकडेनें वाचीत जावें.

वहिनींच्या नाण्याच्या एका बाजूस एका प्रौढ स्त्रीचा उजवीकडे पाहणारा अर्धपुतळा होता. चेहरा झिजला होता, परंतु डोक्यावरून मागें आलेला पदरासारखा बुरखा आणि खांद्यावरचें पदक यांच्या रेषा दिसत होत्या. कडेला रोमन लिपींत "थेरेसिया" या नांवाचा शेवटचा भाग आणि त्यापुढें "इंप." हीं अक्षरें लागलीं. पुतळ्याखालीं "एस" व "एफ" हीं दोन बारीक अक्षरें होतीं. दुसऱ्या बाजूस दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या छातीवर ढाल आणि कडेला १७८० हा आंकडा होता. एवढ्यावर निदान करतां येतें. जुन्या परदेशी रुप्याच्या मोठ्या नाण्यांत पक्षी पुष्कळ आढळतात. तोंडांत साप धरून निवडुंगावर बसलेला एका डोक्याचा गरुड असेल, तर तें नाणें मेक्सिकोचें. दोन खांब व त्यांमध्यें ढाल किंवा पृथ्वीचे गोल असतील, तर स्पेनचें. दोन डोक्यांचा गरुड रशियाचाही असतो, पण त्याच्या भोंवतीचीं अक्षरें रशियन लिपींत असतात. रोमन अक्षरें, दुतोंडी गरुड आणि बुरखा घेतलेली राणी हीं तिन्हीं एकत्र आलीं, कीं तें ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचें थेलर नांवाचें नाणें होय.

पूर्ण नाण्यावर लॅटिन भाषेंत संक्षेपानें लिहिलेलें असतें कीं, मारिया थेरेसा, ईश्वरकृपेनें रोमन सम्राज्ञी, हंगेरी व बोहेमिया यांची राणी. आणि पाठीमागें, ऑस्ट्रियाची आर्चडचेस, बर्गंडीची डचेस, टायरोलची काउंटेस. डोक्यावरचा बुरखा वैधव्याचा आहे. तिचा पति सम्राट फ्रान्सिस हा १७६५ सालीं वारला, आणि पुढें तिची प्रतिमा या वेषांत उमटूं लागली. "एस" आणि "एफ" हीं ग्युंट्सबुर्ग गांवच्या टांकसाळींतील श्योबल व फाबी या दोन अधिकाऱ्यांचीं आद्याक्षरें आहेत. नाण्याच्या जाड कडेवरही उठावाचीं अक्षरें असतात. त्यांचा अर्थ "न्यायानें व दयेनें" असा आहे; तें राणीचें ब्रीद होतें. कडेवरचीं हीं अक्षरें कानशीनें कोणी कड खरवडून चांदी चोरूं नये, यासाठींही उपयोगी पडत. नकली नाणें ओतणाऱ्याला हीच कड सर्वांत कठीण जाते, म्हणून परीक्षा करतांना कड विसरूं नये.

येथवर भाच्याचें म्हणणें खरें ठरतें आहे, असें आपणांस वाटेल. १७८० साल आहे, राणीही खरी आहे. परंतु या नाण्याची खरी गंमत, आणि पुष्कळांची फसगत, येथेंच आहे. मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजीं वारली. रिवाजाप्रमाणें तिच्यामागून तिच्या मुलाचा मुखवटा यावयाचा, आणि ऑस्ट्रियांत तो आलाही. पण हें नाणें तोंपर्यंत भूमध्य समुद्राच्या बंदरांतून तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर पोंचलें होतें. येमेनच्या मोखा बंदराची कॉफी घेणारे व्यापारी तें देत, आणि तेथील लोकांना या राणीच्या नाण्यावांचून दुसरें नाणें चालेना. ते पदकाभोंवतालचे मोती मोजून घेत. मोती पुसट झालेलें नाणें परत करीत. अशा गिऱ्हाइकापुढें नवा मुखवटा ठेवण्यांत शहाणपण नव्हतें. म्हणून राणीच्या मृत्यूनंतरही तोच मुखवटा आणि तोच १७८० चा आंकडा ठेवून नाणीं पाडण्याचा प्रघात पडला, आणि तो आजतागायत चालू आहे. खुद्द ऑस्ट्रियांत १८५८ सालीं त्याचें चलन बंद झालें, परंतु व्हिएन्नाची टांकसाळ तें अजूनही पाडते.

या नाण्याचा प्रवास मोठा मौजेचा आहे. येमेनांत त्याला फ्रान्सी रियाल म्हणत. इथिओपियांत तर तें राजमान्य नाण्यासारखेंच झालें. तेथील मेनेलिक बादशहानें १८९४ सालीं त्याच मापाचें स्वतःचें नाणें काढलें, तरी बाजारांतून राणी हललीच नाहीं. १८६७-६८ सालीं नेपियर सेनापतीची फौज मुंबईहून ॲबिसीनियावर गेली, तेव्हां वाटेंत धान्य, जनावरें, मजुरी यांचे पैसे देण्यासाठीं हींच नाणीं सरकारला मुद्दाम मिळवावीं लागलीं. पुढें १९३५ सालीं मुसोलिनीनें इथिओपियावर स्वारी केली, तेव्हां त्यानें ऑस्ट्रियाकडून हीं नाणीं पाडण्याचा हक्क मिळवून रोमला सांचे नेले. त्यावर इंग्रजांनींही लंडनला तींच नाणीं पाडण्यास आरंभ केला. आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४० व १९४१ सालीं, हें काम आपल्या मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळीकडे आलें. तेथें पावणेदोन कोटींहून अधिक नाणीं पाडलीं गेलीं. म्हणजे ज्या नाण्यावर १७८० आहे आणि ऑस्ट्रियाची राणी आहे, तें नाणें बोरीबंदरापासून हांकेच्या अंतरावर, आपल्यांपैकीं कांहीं वृद्ध श्रोत्यांच्या बालपणीं तयार झालेलें असूं शकतें! नाण्यावरचें साल म्हणजे नाण्याचें वय, ही समजूत येथें साफ खोटी पडते.

आतां दुसरा प्रश्न, फेरीवाल्याचा. नाणें चांदीचें आहे कीं नाहीं? येथें वजन हाच साक्षीदार. १७५३ च्या करारानें ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें एक कोलोन मार्क शुद्ध चांदींतून अशीं दहा नाणीं काढावयाचीं असत. त्या हिशेबानें कोऱ्या नाण्याचें वजन २८.०७ ग्रॅम, त्यांत चांदी २३.३९ ग्रॅम आणि बाकी तांबें. म्हणजे सहांपैकीं पांच भाग चांदी. व्यास सुमारें ४० मिलिमीटर. घरीं नाजूक काटा नसेल, तर इंग्रजी अमदानींतले दोन रुपये आणि एक अधेली एका पारड्यांत टाकावी; कोरें थेलर त्यांहून किंचित हलकें भरतें. पण जुना रुपया ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याचा आहे आणि आजचा बाजारी तोळा दहा ग्रॅमचा, हा फरक विसरूं नये. नाहीं तर हिशेबांत हटकून चूक होते.

वहिनींचें नाणें आमच्या ओळखीच्या एका सराफाच्या काट्यावर २७.१० ग्रॅम भरलें. म्हणजे हातोहात फिरून जवळजवळ एक ग्रॅम चांदी झिजून गेली होती. पण नुसतें वजन पुरेसें नाहीं, कारण हलक्या धातूचें नाणें जाड करून वजन जुळवितां येतें. त्यासाठीं आर्किमिडीजची, शाळेंत प्रत्येकानें पाठ केलेली आणि विसरलेली रीत उपयोगी पडते. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून आंकडा शून्यावर आणावा. नाणें बारीक दोऱ्यानें बांधून पाण्यांत पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाहीं, असें हातानें लोंबतें धरावें. आतां काटा जो आंकडा दाखवील, तें नाण्यानें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन. नाण्याच्या वजनाला त्यानें भागावें. या प्रतीच्या चांदीचा भागाकार १०.२ च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचा किंवा पितळेचा साडेआठाच्या जवळपास येतो, आणि शिशाचा अकराच्या वर जातो. आमच्या काट्यानें २.६६ दाखविले, आणि भागाकार १०.१९ आला. फेरीवाल्याचें जर्मन सिल्व्हर पाण्यांत बुडालें! वहिनींच्या नातवानें हा भागाकार स्वतः करून पाहिला, तेव्हां त्याला झालेला आनंद परीक्षेंतल्या गुणांहून कमी नव्हता. ही रीत ज्यांना जमणार नाहीं, त्यांनीं हॉलमार्क केंद्रांत क्ष-किरणांच्या यंत्रानें कस तपासून घ्यावा. त्यानें नाण्याला ओरखडा पडत नाहीं. मात्र कसोटीवर घांसण्यास किंवा कड कापून पाहण्यास कोणालाही देऊं नये.

आतां किंमत. अशा नाण्याला दोन किंमती असतात, आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली धातूची. नाण्याचें प्रत्यक्ष वजन घ्यावें, त्याचे सहांपैकीं पांच भाग करावे आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावानें गुणावें. आमच्या नाण्यांत अशी २२.५८ ग्रॅम चांदी निघाली. विकतांना सराफ गाळणीची घट धरून थोडें कमी देतो, तें रास्तच आहे. ही रक्कम म्हणजे नाण्याच्या किंमतीचा पाया. त्याखालीं कोणी मागितलें, तर नम्रपणें नमस्कार करावा.

दुसरी किंमत संग्राहकाची. ती नाण्याचें दुर्मिळपण आणि त्याची स्थिति या दोन गोष्टींवर अवलंबून असते. केवळ जुनेपणावर नव्हे. राणीच्या हयातींत, १७८० पूर्वींच्या सालांचीं पडलेलीं थेलरें आणि १७८० च्या आरंभींच्या कांहीं टांकसाळींचीं नाणीं यांना चांगला मान आहे. पुढें पाडलेलीं नाणीं मात्र कोट्यवधि आहेत, आणि त्यांना चांदीच्या भावाहून फार थोडें अधिक मिळतें. कोणत्या टांकसाळीचें नाणें कोणतें, हें पदकाचे मोती, गरुडाच्या शेपटीचीं पिसें आणि कडेवरची नक्षी यांच्या बारीक फरकांवरून तज्ज्ञ ठरवितात. झिजलेल्या नाण्यावर नेमके हेच फरक पुसलेले असतात. कांहीं नाण्यांवर नंतरचा लहान शिक्का मारलेला आढळतो. अरबस्तानांत हेजाजच्या नांवाचा, मोझांबिकांत पोर्तुगीजांचा. त्यांनीं किंमत वाढते, पण असे शिक्के खोटेही पुष्कळ मारलेले आहेत, म्हणून जाणकाराला दाखविल्यावांचून त्यांवर विश्वास ठेवूं नये. वहिनींच्या नाण्यावर असा शिक्का नव्हता. उलट कांठावर एके ठिकाणीं डाख लागल्याची खूण होती. येमेनांतल्या स्त्रिया या नाण्यांना कडी जोडून तीं गळ्यांत घालीत. कोणा अनोळखी बाईच्या गळ्यांतून हें नाणें बाजारांत आलें असावें. ही खूण मनाला कितीही मोहक वाटली, तरी संग्राहकाच्या दृष्टीनें तें वैगुण्यच.

जातां जातां कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परदेशांतील नातलगाकडे नाणें पाठवून विकण्याचा बेत करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आणि घराचा पाया खणतांना पुरलेलीं नाणीं सांपडलीं, तर १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील मालाची खबर कलेक्टरकडे द्यावीच लागते. पेटींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलें नाणें त्यांत मोडत नाहीं.

हें सर्व मीं वहिनींना सांगितलें. लाख नाहींत, पण दोनशेंही नाहींत. चांदीचा भाव आहे, तो मागून घ्या. त्यांनीं नाणें हातांत घेतलें, थोडा वेळ पाहिलें आणि विचारलें, "मास्तर, एवढ्यांत फी भागेल का?" मीं खरें तें सांगितलें कीं, फी भागणार नाहीं, दोनचार पुस्तकें येतील. खोटी आशा मोडतांना मला वाईट वाटलें, पण लाखांच्या आशेवर त्यांनीं फीची मुदत चुकविली असती, तर अधिक वाईट झालें असतें. त्या म्हणाल्या, "मग राहूं दे पेटींतच. पुस्तकें आम्ही ग्रंथालयांतून आणूं." फीसाठीं त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं कॉलेजांत हप्त्यांचा अर्ज दिला, आणि तो मंजूर झाला.

मीं एकच विनंति केली, ती आपणां सर्वांनाही करतों. नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. नाणें कोणाचें, कोठून आणलें, कोणीं आणलें, वजन किती भरलें, हें चार ओळींत लिहा. चांदीचा भाव रोज छापून येतो, पण ही हकीकत घरांतल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर जाते आणि मग कोणत्याही काट्यावर सांपडत नाहीं. वहिनींच्या नातवानें ती चिठ्ठी सुवाच्य अक्षरांत लिहिली आणि खालीं १०.१९ हा आपला भागाकारही मांडला. आपल्या पेटीच्या तळाशीं असें एखादें नाणें असेल, तर सवडीनें तें काढा, बाजूनें दिवा धरा, वजन करा. मात्र घांसूं नका.